पेटीची उंची

आंघोळ: पहाटे साडेपाच. सर्वांची.

चार स्क्रू, त्यातला एक गंजलेला.

मोडलेल्या खुब्याला पहाटेचा गारठा लागला की दिवसभर माणूसही कुरकुरतो आणि खुबाही.

फळ्यावर खडूने: या महिन्यात तक्रारी शून्य.

भिंतीशी पडलेलं एक कागदी विमान.

हे सगळं एकाच वृद्धाश्रमातलं. खुबा सुतारकाकांचा. त्यांना आंघोळ नऊला हवी होती, खिडकीत ऊन आल्यावर. बस, एवढंच. फळा मॅनेजरांचा. दर महिन्याला ते सहभाग समितीची सभा भरवत, शून्य वाचून दाखवत आणि टाळ्याही आधी स्वतःच वाजवत.

काका म्हणाले, माझी तक्रार आहे. मॅनेजर म्हणाले, मग सूचनापेटीत टाका की. फक्त ज्याची चिठ्ठी त्यानेच टाकायची, तो नियम आहे. पेटी दाराजवळ, उभ्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर. आश्रमातले एकवीसही जण चाकाच्या खुर्चीत बसलेले, नाहीतर वॉकर सोडला की तोल जाणारे. विमान ही काकांचीच चिठ्ठी होती. नेम चुकला होता.

रात्रपाळीच्या मावशी वयाने काकांच्या मुलीएवढ्या, पण सगळ्यांच्या मावशीच. त्याही साडेपाचला वैतागल्या होत्या. पाळी संपायच्या आत एकवीस आंघोळी. मी माणसं धुते की भांडी, असं त्या विचारत. पण काकांची चिठ्ठी टाकायला तयार नव्हत्या. नोकरीचा प्रश्न होता.

"चिठ्ठी नको टाकूस," काका म्हणाले. "पेटी हलवू नये असा कुठे नियम आहे?"

वरचे चारही स्क्रू मावशींनी काढले, खाली, खुर्चीतून हात पोचेल तिथे, काकांनी बसवले. मावशींचं म्हणणं, पेटी वाकडी बसली. काकांचं म्हणणं, भिंतच वाकडी आहे.

पुढच्या सभेत पेटीच्या तळाचं कुलूप उघडायला मॅनेजरांना जमिनीवर बसावं लागलं. एकोणीस चिठ्ठ्या निघाल्या. सतरा आंघोळीच्या, दोन पेटी वाकडी असल्याच्या. सगळ्या वाचून ते उठायला गेले, तर गुडघा धरला. काकांनी खुर्ची पुढे आणली, ब्रेक लावला आणि हात दिला.

"सावकाश उठा. साडेपाच वाजल्यासारखी घाई नको."

सोमवारपासून आंघोळ नऊला, दिवसपाळीत.

दोन वर्षांपूर्वी ती पेटी लावायला बाहेरून एक सुतार आपल्या पायांनी चालत आला होता आणि उंची त्याने स्वतःच्या खांद्यावरून ठरवली होती. तो सुतार म्हणजे हे काकाच.