हा सावळाराम कोण?

बारामतीजवळ जळोचीत अश्लेषा आणि निहार सहा वर्षं मिळून इंग्रजीचा क्लास चालवत होते. गावाकडच्या मुलांसाठी अश्लेषानं दोन उन्हाळे खपून एक पुस्तक लिहिलं. प्रत्येक इंग्रजी शब्दाला तिच्या गावच्या, कोऱ्हाळ्याच्या बोलीतला अर्थ आणि गावातलंच एक उदाहरण. निहार ते टाइप करून छापून आणणार होता.

पुस्तकाचं इंदापुरात आज प्रकाशन आहे, हे तिला एका विद्यार्थिनीच्या स्टेटसवरून कळलं. मुखपृष्ठावर एकच नाव होतं. निहारचं.

ती मिळेल त्या एसटीनं इंदापूरला गेली. सभागृहात निहार माइकवर सांगत होता, ‘‘या पुस्तकासाठी मी रक्त आटवलंय.’’

दाराजवळच्या टेबलावरची प्रत तिनं उघडली. फसवणुकीच्या शब्दांचं प्रकरण. टू-फेस्ड म्हणजे दुतोंडी. बॅकस्टॅबर म्हणजे केसानं गळा कापणारा. टर्नकोट म्हणजे फितूर. काना-मात्रासुद्धा बदलली नव्हती. तिच्या अंगाची लाहीलाही झाली.

‘‘सर, पान सत्तेचाळीस,’’ ती मागूनच ओरडली. ‘‘टर्नकोटचं उदाहरण वाचा.’’

निहारचा चेहरा उतरला. पण सगळे बघत होते, म्हणून त्यानं वाचलं. ‘‘सावळाराम आबांनी मतदानाच्या आदल्या दिवशी पार्टी बदलली. सावळाराम इज अ टर्नकोट.’’

‘‘हा सावळाराम कोण?’’

‘‘उदाहरणापुरतं नाव आहे, मॅडम. बसा.’’

‘‘माझा सख्खा चुलता हाय त्यो!’’ रागानं तिच्या तोंडी गावची बोली आली. ‘‘तू कधी पाऊल तरी ठेवलंस का कोऱ्हाळ्यात?’’

‘‘शेवटच्या पानावर तुझे आभार मानलेत की,’’ तो हळूच म्हणाला.

‘‘आभार? माझं पोर पळवून मलाच पेढा देतोस व्हय?’’

प्रमुख पाहुण्या कुशाबाईंनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं आणि त्या उठून गेल्या.

अश्लेषानं पुस्तक हातानं लिहिलेल्या आपल्या वह्यांचे फोटो छापखान्याला पाठवले. पुढची छपाई थांबली. पण तीनशे प्रती मुलांच्या हाती पडल्या होत्या, त्या परत येणार नव्हत्या. निहारनं माफी मागितली नाही. ‘क्लासचं नाव खराब केलंस’ एवढाच त्याचा मेसेज आला.

महिन्याभरानं तिनं वडगाव निंबाळकरात स्वतःचा क्लास काढला. पहिल्याच दिवशी उत्कर्षा नावाची मुलगी तेच पुस्तक घेऊन आली. अश्लेषानं ते हातात घेतलं, मुखपृष्ठ टरकन फाडलं आणि पुस्तक तिला परत दिलं.

‘‘हं,’’ ती म्हणाली. ‘‘आता वाच.’’