बिनकष्टाची हिरवळ

काकांनी जन्मभर सलूनमध्ये लोकांचे केस कापले आणि दुकान पुतण्याच्या हवाली केल्यावर ते घरापुढच्या गवताच्या मागे लागले. दर रविवारी गवत कापायचं यंत्र ढकलायचं, मग कडा कात्रीने सारख्या करायच्या. रस्त्याने जाणारे थांबून चिडवायचे, काका, बाजूने जरा बारीक करा. काका खूश. मग हृदयाचं दुखणं आलं आणि डॉक्टरांनी यंत्राला हात लावायचा नाही अशी तंबी दिली. काका ऐकतील तर शपथ! काकूंनी यंत्र कुलुपात ठेवलं, तर या गृहस्थांनी शेजाऱ्याचं मागून आणलं आणि अर्ध्यातच छाती धरून खाली बसले. काकूंच्या तोंडचं पाणी पळालं.

रोपवाटिकेतल्या बाईने तोडगा सांगितला. जमिनीला धरून पसरणारी बारीक पानांची रोपं, बोटभरापेक्षा उंच होत नाहीत, कापायची भानगड नाही, पाणीही बेताचं. काकूंनी मजूर लावून गवत मुळासकट खणून काढलं, वीतवीत अंतरावर रोपं लावली, मधल्या जागेतलं तण स्वतः उपटलं. फांद्या पेरापेराला मुळं धरत एकमेकींत शिरल्या आणि सगळी जमीन झाकली गेली. नवरा वाचला म्हणून काकू मनातून फार सुखावल्या.

वाचले खरे, पण आता दिवसभर करायचं काय, हे काकांना कोणीच विचारलं नव्हतं. ते खिडकीपाशी बसून राहू लागले. दुसऱ्यांच्या दाढ्या करण्यात हयात गेलेल्या माणसाची स्वतःची दाढी वाढली. आज वार कोणता, असं विचारायचे, जेवण अर्धं टाकून उठायचे. काकू रागावल्या, लाडीगोडी लावून झाली, पण हे ढिम्म. पुतण्याने दुकानात येऊन बसायला सांगितलं, तर म्हणाले, हात थरथरतो, गिऱ्हाइकं पळतील.

शेवटी काकूंनी शक्कल लढवली. दुपारी काका झोपले की कुंपणाच्या कडेचं गवत खुरप्याने काढायचं आणि त्या हिरवळीत मधेमधे खोचायचं. संध्याकाळी कपाळाला आठ्या घालून कुरकुरायचं, की तण माजलंय आणि माझी तर कंबर धरलीय. पहिल्या दिवशी काका तोंड वाकडं करून तण काढायला गेले, दुसऱ्या दिवशी न सांगता. छोट्या स्टुलावर बसून एकेक काडी उपटायचे, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचे. एक दिवस दाढीही केली. आपण घरातल्या माणसाला फसवतोय, हे काकूंना टोचायचं, पण काका दोन घास जास्त जेवले की त्या सगळं विसरायच्या.

एका संध्याकाळी ते लवकर आत आले. हातातली गवताची जुडी टेबलावर ठेवून खुर्चीत बसले. हल्ली तेवढ्यानेही त्यांना धाप लागायची. दमलात का, काकूंनी विचारलं.

"दमलो नाही. हे आपसूक हातात येतं गं. उपटावं लागतच नाही."

काका काकूंकडे न बघता मुळांची माती बोटांनी झाडत होते.

"उद्या जरा खोल लाव," ते म्हणाले. "पाणी घाल. दोनचार दिवस मूळ धरू दे त्याला. तेवढं थांबेन मी."

काकूंनी जुडी उचलली. ती आता त्यांच्यादेखत लावायची की उद्या ते झोपल्यावर, हे त्यांना कळेना, आणि त्या तिथेच उभ्याउभ्या रडू लागल्या.