बारा तारखेचा ठिपका

मंगळवार, पंचवीस तारीख. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कंडोम फाटल्याचं नवराबायकोच्या लक्षात आलं. सव्वासहाला ती माझ्यासमोर उभी होती.

मित्रांनो, मी एक जुनं कॅलेंडर आहे. वय अकरा महिने. आमच्यात हे म्हातारपणच. छापखान्यात माझी बारा पानं पत्र्याच्या पट्टीत आवळली गेली आणि मी या स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर आलो. शेजारी दोऱ्याला निळं पेन लटकतं. पाळी आली की ती ठिपका देते, सिलिंडर बदलला की तो देतो. ती पडदे शिवते, तो लिफ्ट दुरुस्त करतो. "याला सगळं ठाऊक," असं ती म्हणायची. मलाही ते खरं वाटायचं.

त्या सकाळी तिनं बोटानं मोजलं. "तीन तारखेपासून तेविसावा दिवस. घाबरायचं कारण नाही."

"अगं, तीनला मी सिलिंडर बदलला," तो म्हणाला. "तो ठिपका माझा. तुझा बाराचा."

बारापासून चौदावा दिवस, म्हणजे नेमका धोक्याचा. ती स्टुलावर बसली. लेक दहा महिन्यांची, शस्त्रक्रियेनं झालेली. निदान दीड-दोन वर्षं दुसरं मूल नको, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

नऊ वाजता नणंद आली. ती औषधांचं दुकान चालवते.

"वन्सं, माझंच चुकलं."

"तुझं नाही, या दोन शहाण्यांचं." नणंदेनं भावाकडे आणि माझ्याकडे पाहिलं. "एकाच पेनानं ठिपके? लिफ्टची बटणंही अशीच लावतोस का रे?"

मग तिनं गोळी पुढे केली. "ही आत्ताच घे. बहात्तर तासांत घ्यायची असते, पण जितकी लवकर तितकी कामाची. अंगावर पाजतेस तरी चालते. हमी नाही, पण धोका बराच कमी होतो. पाळी आठवडाभर मागेपुढे झाली तर लगेच रडत बसू नकोस."

"आणि माझा ठिपका तीनचाच असता तर?" गोळी गिळून तिनं विचारलं.

"तरी दिली असती. बाळंतपणानंतर तुझी पाळी अजून नियमित झालेली नाही. बीज कधी सुटेल ते या कागदाला काय कळतंय?"

कागद. अकरा महिन्यांत मला कुणी कागद म्हटलं नव्हतं.

जाताना तिनं माझ्याखालच्या खणात एक चपटं पाकीट ठेवलं. गरोदरपण तपासायची पट्टी. "तीन आठवड्यांनी कर. घाईनं केलीस तर ती नाही म्हणेल, पण ते नाही खरं असेलच असं नाही."

बोटभर पट्टी. अंगावर ना तारीख, ना वार. एकदाच बोलायचं आणि केरात जायचं. तरी रोज खण उघडून ती त्या पट्टीलाच बघायची. माझ्याकडे बघायची ते फक्त पट्टीला किती दिवस उरले हे मोजायला. मी जळत होतो, हे कबूल करतो. पुढच्या पानावर दहा तारखेला पाळी यायला हवी होती, आली नाही. सोळाच्या आत ठिपका पडावा, पट्टी पाकिटातच राहावी, एवढंच मी मागत होतो. त्यात तिची काळजी किती आणि माझा मत्सर किती, मला सांगता येणार नाही.

मित्रांनो, मला जपा. ठिपका कुणाचा तेही लिहा. पण अशा सकाळी माझ्याकडे बघून नुसतं मोजत बसू नका. आधी जाणकाराला विचारा.

आज सोळा तारीख. सहा वाजून दहा मिनिटांनी खण उघडला. पाकीट फाटल्याचा आवाज आला, मग न्हाणीघराची कडी लागली. लेकीला खांद्यावर घेऊन तो माझ्यासमोर उभा आहे.

"पाच मिनिटं थांबायचं असतं," तो लेकीला सांगतोय.

सात मिनिटं झाली. कडी अजून निघालेली नाही.