ताईनं मांडलेली फळं

“गार ठेवलं की टिकतं, असं तूच सांगायचीस ना गं ताई? मग तू का नाही टिकलीस?”

माझं झाकण उघडून, डोकं आत घालून धाकट्यानं हे विचारलं. जिला विचारलं ती आदल्याच दिवशी गेली होती. दारात आई उभी होती, ती तोंडाला पदर लावून आत वळली. राहिलो मी. मी एक फ्रीजर. पेटीसारखा वरून उघडणारा, मागच्या खोलीत कोपरा धरून बसलेला. गार ठेवण्यापलीकडे मला काही येत नाही.

ताईनं मला जुन्या सामानाच्या दुकानातून आणलं. जिन्यावरून चढवताना धाकटा घामाघूम झाला होता. “अगं, फ्रीजर आहे की हत्ती!”

“हत्तीच आहे. हिवाळाभर तुला खाऊ घालेल. उचल!”

ताई घरी शिवणकाम करायची. धाकट्यानं शाळा अर्ध्यात सोडली होती, तो गोदामात पेट्या उचलायचा. रानातल्या काटेरी झुडपांवरची काळी फळं पिकली की दोघं बादल्या घेऊन जायची आणि ओरबाडलेल्या हातांनी, जांभळ्या बोटांनी परत यायची. ताई फळं धुऊन फडक्यावर कोरडी करायची. मग ट्रेमध्ये एकेक सुटं मांडून माझ्यात ठेवायची. सकाळपर्यंत ती खड्यांसारखी कडक झाली, की पिशवीत भरायची. हवी तेव्हा मूठभर काढता यायची.

धाकट्याला एवढा धीर कुठला? तो ओलीच फळं पिशवीत कोंबायचा. सकाळी त्यांचा एकच गोळा.

“पाडलीस पुन्हा वीट? घर बांधायचंय का रे, धांदरटा?”

“पोटात गेल्यावर सगळं एकच ना!”

दरवर्षी हेच भांडण. मला ते फार आवडायचं.

त्या वर्षी ताईनं ट्रे मांडला, “सकाळी भरते” म्हणाली आणि सकाळी उठलीच नाही. झोपेत हृदय थांबलं म्हणे. माझी मोटर दिवसातून कितीदा तरी थांबते आणि आपोआप सुरू होते. तिचं का नाही झालं, ते मलाही कळलेलं नाही.

ट्रे तसाच राहिला. काही दिवसांनी आई पिशवी घेऊन आली.

“हात लावायचा नाही!” धाकटा ओरडला. “तिनं मांडलीयत ती.”

“अरे, उघडी राहिली तर वाळतील. फळं आहेत ती, तिचा फोटो नाही.”

त्यानं झाकण असं आपटलं की माझी बिजागरी वाकली. आईचं खरं होतं. माझा गारवा उघड्या फळातलं पाणी ओढून घेतो. कडेची फळं सुरकुतायला लागली होती. पण त्याला कोण सांगणार?

मग एके दिवशी तो एकटाच रानात गेला. बादलीभर फळं आणली, धुतली, निथळतीच पिशवीत कोंबली आणि ताईच्या ट्रेखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी वीट बाहेर काढून तो नुसताच उभा राहिला. टोमण्याची वाट बघत होता. टोमणा आला नाही. वीट त्यानं परत ट्रेखाली ठेवली.

ऐन हिवाळ्यात माझी मोटर बंद पडली, ती कायमचीच. आई आणि धाकटा, दोघंही कामावर गेलेली. माझ्या पोटातून पाणी ठिबकायला लागलं. मी झाकण घट्ट धरून ठेवलं. आत ती वीट होती. ती काही लवकर वितळेना.

संध्याकाळी जमिनीवर ओघळ बघून आई किंचाळली. धाकट्यानं धावत येऊन झाकण उघडलं, ट्रे हलवला. फळं खडखडली. अजून कडक होती! खालची वीट मात्र अर्धी झाली होती.

आईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. “तुझ्या विटेनं राखली रे. शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये ठेवायची का?”

सुरकुतलेल्या फळांचा तो ट्रे त्यानं बाहेर काढून मांडीवर घेतला.

“नको. ताईनं आपल्यासाठी मांडली होती.”

पहिलं फळ त्यानं आईच्या तोंडात घातलं, दुसरं आपल्या.

“आंबट आहेत गं.”

“दरवर्षी आंबटच असायची. ती तुझ्या वाटीत गुपचूप साखर टाकायची.”

मग तो हसला आणि हसता हसता असा रडला, की आईला तो आवरेना. ट्रे रिकामा झाला तेव्हा दोघांचीही बोटं जांभळी होती.

आता मी दाराबाहेर भिंतीला टेकून भंगारवाल्याची वाट बघतोय. कुणी मायेनं तुमच्यासाठी काही मांडून ठेवलं असेल, तर ते फार दिवस नुसतं बघत बसू नका. खा.

दुसऱ्या सकाळी मला बाहेर काढण्याआधी धाकट्यानं पुन्हा झाकण उघडलं आणि डोकं आत घातलं. या वेळी काही विचारलं नाही. रडून रडून तोंड त्याचं तापलं होतं. माझ्या तळाशी विटेनं सोडलेला थोडा गारवा उरला होता. तेवढा मी त्याच्या कपाळाला लावला.