'ज्युडिशस'चा अयोग्य वापर

"शब्दांच्या बाबतीत माझ्या हातून आजवर एकही चूक झालेली नाही," असं जाहीर करून कोशकारांनी आपल्या इंग्रजी-मराठी कोशाच्या प्रुफांच्या गठ्ठ्यावर मूठ आपटली. ती कपाच्या कडेवर बसली आणि 'जे'ची सगळी पानं चहात न्हाली.

लेकीने ओढणीने एकेक पान टिपायला घेतलं.

"बाबा, छापखान्यातून पुन्हा फोन आला होता. एका विशेषणासाठी चार महिने त्यांचा जीव खाताय तुम्ही."

"शब्द अवघड आहे."

"'ज्युडिशस'? त्यात काय अवघड! शहाणपणाचा. झालं."

"नुसता शहाणपणाचा नव्हे. दोन्ही बाजू ऐकून, तोलूनमापून घेतलेला. नुसतं शहाणपण काय, बसस्टॉपवरही मिळतं. न मागता."

ती हसली. चार महिन्यांत पहिल्यांदाच. त्या हसण्याकडे पाहण्याच्या नादात कोशकारांचं ते पान झाकायचं मात्र राहून गेलं.

कोशात प्रत्येक शब्दाखाली दोन रकाने होते, योग्य वापर आणि अयोग्य वापर. ही कोशकारांचीच शक्कल. 'ज्युडिशस'च्या वरच्या रकान्यात एक वाक्य लिहून खोडलं होतं, कागद फाटेपर्यंत. तेच वाक्य खालच्या रकान्यात, सुवाच्य अक्षरांत उतरवलं होतं: 'मुलीला न कळवण्याचा त्यांचा निर्णय ज्युडिशस होता'

बायको इस्पितळात होती तेव्हा लेकीला सातवा महिना होता. एवढा लांबचा प्रवास, त्यात दगदग. कोशकारांनी एकट्यानेच विचार केला आणि तीन दिवस फोनवर "आई झोपलीय" असं सांगितलं. चौथ्या दिवशी दुसरं सांगावं लागलं. त्यावर लेक आजवर चकार शब्द बोलली नव्हती.

"आईने माझं विचारलं होतं?" त्या वाक्यावरची नजर न काढता तिने विचारलं.

कोशकारांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"दोनदा."

"काय विचारलं?"

"आधी म्हणाली, तिला कळवलंत का. मी हो म्हटलं."

"आणि मग?"

"मग म्हणाली, निघाली का."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"हो म्हटलं."

आतल्या खोलीत पाळण्यात बाळ कुरकुरलं आणि आपलं आपणच गप्प झालं. लेकीने वाक्य पुन्हा वाचलं. हातात पेन्सिल होती. ती वाक्याला बाण काढून वरच्या रकान्यात नेईल, असं कोशकारांना क्षणभर वाटलं. वाटण्याला काही धरबंध नसतो. तिने वाक्याच्या शेवटी राहून गेलेला पूर्णविराम तेवढा दिला.

"खालीच राहू दे," ती म्हणाली. "बरोबर आहे."

मग तिने आपली खुर्ची ओढत ओढत त्यांच्या खुर्चीला अगदी भिडवली. खांद्याला खांदा लागला. तिने पुढचं ओलं पान सोडवून घेतलं.

"हं. पुढचा शब्द सांगा."

कोशकारांनी चष्मा चढवला आणि पानावर बोट ठेवलं.

"खुर्ची जरा उचल," ते म्हणाले. "माझ्या पायावर आहे."