मागची फळी

जुन्या बाजारात पारखीकाकांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी ‘खरं’ म्हटलं की जुनी लाकडी वस्तू खरी. ‘नकली’ म्हटलं की विकणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. दोन वर्षांपूर्वी त्यांचे डोळे गेले, पण रविवार काही चुकला नाही. आता बघायच्या काकू आणि ठरवायचे काका.

“पुढून बघू नकोस गं, पुढून सगळेच गोड बोलतात. मागची फळी बघ. करवतीचे ओरखडे कसेत?”

“सरळ.”

“मग हातानं कापलीय, म्हणजे खरी जुनी. गोल दिसले की समज, यंत्राची चकती फिरलीय. तिथून उठायचं.”

काकू आधी कुरकुरायच्या. म्हणायच्या, देवानं डोळे नेले, नाद तेवढा ठेवला! पण खरं सांगायचं तर त्यांनाही आता चटक लागली होती.

मुलाच्या दोन खोल्यांत राहायला जायचं ठरलं आणि कपाटाचा प्रश्न आला. ते कपाट म्हणजे काकांचा जीव की प्राण. दीडशे वर्षांचं, असं ते सगळ्या बाजाराला सांगत. तिकडे ते मावणार नव्हतं. जुन्या सामानाचा दुकानदार संध्याकाळी न्यायला येणार होता, तोही नुसत्या काकांच्या शब्दावर.

हे कपाट घेतानाची गोष्ट काकांनी हजारदा सांगितली असेल. धंद्याची रीत अशी, की हवी ती वस्तू बघायचीच नाही. बघितली की भाव चढलाच. म्हणून काका कपाटाकडे पाठ करून तासभर एका मोडक्या खुर्चीसाठी घासाघीस करत बसले आणि निघताना म्हणाले, “बरं, ते कपाटही टाका त्यात.” तेही घाईघाईत, विकणाऱ्याचं मन बदलायच्या आत! घरी आणून भिंतीला लावलं, ते तीस वर्षं तसंच. बाजारभर लोकांच्या फळ्या तपासणाऱ्या माणसानं स्वतःची फळी कधी बघितलीच नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

दुपारी हमालांनी कपाट पुढे ओढलं आणि ते चहा प्यायला गेले.

“अगं, मागची फळी सांग ना,” काका हरखून म्हणाले. “जाता जाता एकदा ऐकू दे.”

काकू मागे गेल्या. पदरानं धूळ पुसली आणि पुन्हा एकदा पुसून बघितली. फळीभर ओरखडे होते आणि सगळे गोल.

झाकली मूठ सव्वा लाखाची. ‘सरळ’ एवढं म्हटलं की झालं. म्हाताऱ्याची पत राहील, कपाट जाईल, कोणाला कळणार आहे? काकूंनी तोंड उघडलंसुद्धा. पण काका मान वाकडी करून ऐकत होते, दर रविवारी ऐकायचे तसेच. आपण आज खोटं बोललो तर या माणसाला डोळे उरले कुठले, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना रडूच फुटलं.

“अहो, गोल आहेत.”

“नीट बघ.”

“नीटच बघितलंय. पाहिजे तर हात लावा.”

काकांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. “नको. तू बघितलंस ना,” म्हणाले आणि खुर्चीत बसून राहिले. चहा दिला तोही गार झाला. काकूंना वाटलं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी दुकानदार आला. कपाटावरून हात फिरवत म्हणाला, “काका, तुमचं कपाट म्हणजे बघायलाच नको. खरंच असणार.”



“नकली आहे,” काका म्हणाले. “तीस वर्षं फसलो मी.”

दुकानदार हसला. “काका, थट्टा करता का गरिबाची? तुम्हाला कोण फसवणार? आणि हे ओळखलं तरी कोणी?”

“हिनं,” काका ताठ बसत म्हणाले. “माझ्यापेक्षा हिची नजर चांगली आहे. यापुढे काही अडलं तर हिलाच विचारत जा.”

काकू आत पाणी आणायला गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.