दगडाची कूस

"दगड खाणीत ज्या कुशीवर निजला होता, त्याच कुशीवर भिंतीत निजव रे. उभा केलास, तर झोपमोडीचा सूड घेतो तो." बापाचा हा आवाज शमऊनच्या कानांत पन्नास वर्षं जागा होता. आज तर तो थांबेचना.

कारण समोर थोरला भाऊ मल्के उभा होता, चाळीस वर्षांनी जर्मनीहून तुर्कस्तानातल्या आपल्या गावी, मिद्यातला परतलेला. गावाबाहेर त्याची मुलं घर बांधत होती. सिमेंटचा सांगाडा, आणि वरून चुनखडीच्या बोटभर जाडीच्या फरश्या चिकटवलेल्या.

"कसं वाटतंय, उस्ताद?" मल्केनं विचारलं.

"दगडाचा सदरा घातलाय घराला. पहिल्या थंडीत काढून ठेवील."

मल्के खो खो हसला. "तू म्हणतोस म्हणजे खरंच असेल. मला कुठं कळतंय? बापानं छिन्नी काढून घेतलेला गवंडी मी! तिकडं जन्मभर कारखान्यात बाटल्यांना बुचं लावली. बुचाला कूस नसते, तेवढं बरं."

शमऊन हसला नाही.

त्याला आठवला तो दगड, दोघा भावांनी बापाच्या हाताखाली बांधलेल्या चर्चच्या कोपऱ्याचा. चार हिवाळे गेले आणि त्याचा चेहरा पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटू लागला. बापानं दोघांना भिंतीपुढं उभं केलं. "कुणी उभा लावला हा?" शमऊन मातीकडं बघत राहिला. मल्के म्हणाला, "बाबा, त्या दिवशी वीसेक दगड माझ्याच हातून गेले. माझाच असेल."

मल्केची छिन्नी बापानं शमऊनच्या हातात दिली. वर्षभरात मल्केनं गाव सोडलं. पुढं गावातली प्रत्येक कमान शमऊननं बांधली. तो आला की माणसं उठून जागा देत.

मल्केनं एक फरशी उचलली, अंगठा थुंकीनं ओला करून तिच्या कडेवरून फिरवला, उन्हात तिरपी धरली.

"ही खाणीत अशी आडवी होती. हो ना?"

अगदी अचूक. पण लगेच तो स्वतःच कचरला आणि फरशी खाली ठेवली.

"जाऊ दे. माझ्या बोटांचं काय खरं! शमू, चाळीस वर्षं एकच विचार करतोय बघ. त्या दिवशी ह्या बोटांना दगडाची कूस कळली कशी नाही?"

शमऊननं खाली ठेवलेली फरशी उचलली.

"दादा, तू तेव्हा चुना आणायला गेला होतास. कोपऱ्याचा दगड आडवा ठेवला तर उंचीला वीतभर कमी पडत होता. कूस कळावी म्हणून खाणवाल्यानं वरच्या अंगाला कोळशाची खूण केली होती. ती मी खरवडली, अन् दगड उभा केला."